हाकेला ओ

माझ्या भावाला स्वतःच्या नावाचा भारी तोरा. अंगावर ठिगळाचा कोट, गुडघा कामातून गेलेला, आणि बोलणं ऐकाल तर थेट राजवाड्यातलं. मेर्विन! त्याच्या मते हे नाव कुणाही सोम्यागोम्यानं ठेवायचं नाव नव्हतंच. हजार वर्षांहून जुनी गोष्ट. आमच्या इकडच्या ग्विनेद राज्याच्या गादीवर मेर्विन नावाचा राजा बसला. तोंडभर ठिपके, म्हणून लोक त्याला ठिपकेवाला मेर्विन म्हणायचे. त्याचा मुलगा रोद्री, त्याला तर सगळे थोरच म्हणत. आणि त्या रोद्रीच्या मुलांमध्ये पुन्हा एक मेर्विन. भावाच्या नाकावर आणि हातांवरही तसेच तांबूस ठिपके होते. झालं! तेवढ्या पुराव्यावर आमचं घराणं राजाचं.

"राजे तुझे, लेंड्या मात्र मी झाडते," मी म्हणायची.

"मग राजकन्या आहेस तू, डिलिस. झाडणारी राजकन्या."

"आणि तुझ्या राजांपैकी एकाला तरी अंथरुणात मरण आलं का रे? सगळे मारले गेले."

"थोरला लढाईत गेला म्हणतात. रोद्रीला इंग्रजांनी मारलं. धाकट्या मेर्विनचं नक्की नाही. कुणी म्हणतं परक्यांनी मारलं, कुणी म्हणतं त्याच्याच माणसांनी." हे सांगताना तो पाइप पेटवत असायचा. हजार वर्षांमागची भांडणं, त्यात दुःख कसलं वाटणार?

आमच्या घरातही या दोनच नावांचं रहाटगाडगं चालायचं. मेर्विनचा मुलगा रोद्री, रोद्रीचा मुलगा मेर्विन. आमचा बाप रोद्री. चॅपेलमध्ये गायला लागला की बायका डोळे पुसायच्या, इतका गोड गळा. घरात मात्र तोच माणूस कडू जहर. भावाच्या पाठीवर त्याच्या पट्ट्याचे वळ मी माझ्या हातानं लोणी लावून शेकलेत.

म्हणून भावाला मुलगा झाला आणि सगळं खोरं म्हणालं, "आता रोद्रीची पाळी," तेव्हा तो अडून बसला. "रोज उठून त्या नावानं हाक मारू? नाही जमायचं मला. पोराला माझं नाव देतो. माझं नाव स्वच्छ आहे."

मी म्हटलं, "अरे शहाण्या, एका घरात दोन मेर्विन? जेवायला हाक मारली तर कोण येणार?"

"दोघंही येतील," तो म्हणाला.

आणि खरंच दोघंही यायचे. वहिनी लवकर गेली, तेव्हापासून हावोदचं, म्हणजे आमच्या घराचं, स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. मी दारातून "मेर्विन!" म्हणून ओरडले की एक गोठ्यातून "ओ!" म्हणायचा आणि दुसरा भिंतीपलीकडून. दोघांचा आवाज एकच. पोराचा आवाज फुटल्यावर तर मलाही कळेनासं झालं. जो आधी पोचेल तो मोठा बटाटा उचलायचा. खोऱ्यात थोरला मेर्विन आणि धाकटा मेर्विन असं म्हणायचे, पण तोंडावर हाक मारताना दोघांनाही नुसतं मेर्विनच. एवढी लांबण कोण लावतंय?

धाकट्यानं लग्न केलं ते एलेरीशी. पलीकडच्या खोऱ्यातली, खांद्यानं रुंद, बोलायला फटकळ. मला पहिल्या दिवशीच आवडली. थोरल्याचा गुडघा तोपर्यंत पार गेला होता, त्यामुळे डोंगर धाकट्यानं सांभाळला. त्यानंतर डोंगरावर मेर्विन म्हटलं की तो धाकटाच. कुणाला शंका यायचं कारणच उरलं नाही.

आमच्याकडे पानं गळायला लागली की मेंढ्या डोंगरावरून खाली आणायचा दिवस ठरतो. एका घराचं काम नाही ते. सगळं खोरं कुत्री घेऊन वर चढतं, डोंगरभर पांगतं आणि चहूबाजूंनी मेंढ्या हाकत दगडी मेंढवाड्यात उतरतं. धुकं असलं की माणसाला माणूस दिसत नाही. म्हणून म्होरक्या मेंढवाड्याच्या दाराशी उभा राहतो आणि वर गेलेल्या एकेकाला नावानं हाक मारतो. ज्यानं ओ दिली तो उतरला. सगळ्यांच्या ओ आल्या की दार लावायचं आणि ज्या घरी जेवण असेल तिकडं निघायचं. एकाची जरी ओ आली नाही तरी कुणी हलत नाही. भिजा, कुडकुडा, पण थांबा. हा नियम आमच्या आजोबांच्या आजोबांपासूनचा.

त्या वर्षी जेवण आमच्याकडे होतं. एलेरीला नुकतेच दिवस गेलेले. वासानं मळमळायचं तिला, तरी पातेल्याला चिकटून उभी. मटणाचा रस्सा, बटाटे, मनुकांचा ब्रेड, दुधात शिजवलेला भात. धाकटा पहाटेच नेल कुत्रीला घेऊन वर गेला होता. थोरला घरात. दुपारी धुकं उतरलं आणि याचं सुरू झालं. खिडकीशी जा, दाराशी जा, पुन्हा खिडकीशी.

"बस की एका जागी," मी ओरडले. "जमीन झिजवशील."

"पोरांना जमतंय की नाही बघून येतो."

"त्या गुडघ्यानं?"

"पाऊलवाटेनं जातो. मेंढवाड्यापर्यंतच." आणि काठी घेऊन गेलाच. मी काही त्याला बांधून ठेवू शकत नव्हते.

तो आमच्या बाजूनं मेंढवाड्याला पोचला तेव्हा मेंढ्यांचा एकच कालवा चाललेला. म्होरक्या होता गेथिन, आमचा शेजारी, अगदी देवमाणूस. तो पलीकडच्या दाराशी. मध्ये धुकं, भिंत आणि शेकडो मेंढ्या. थोरला आलाय हे गेथिनला ठाऊक नव्हतं. तो आपला हाका मारत होता आणि धुक्यातून एकेक ओ येत होती. मग त्यानं हाक मारली, "मेर्विन!"

"ओ!" माझा भाऊ म्हणाला.

जन्मभर ओ देत आलेला माणूस तो. कुणी त्या नावानं हाक मारली की तोंडातून ओ निघायची, विचार नंतर. झोपेत हाक मारली असती तरी दिली असती. गेथिननं पुढची नावं घेतली, सगळ्यांच्या ओ आल्या, दार लागलं. भावाला वाटलं, आपल्या ओत पोराचीही ओ मिसळली, तो गेथिनच्या बाजूला कुठेतरी आहे. तो आला तसा पाऊलवाटेनं लंगडत घरी परतला.

माणसं आली. ओले कोट, ओली कुत्री, बुटांच्या चिखलानं माझी जमीन पार वाया. बाकांवर दाटीवाटीनं बसली. हसणं, खिदळणं, कुणाची मेंढी कुणाच्या कुंपणात शिरली याच्या तक्रारी. माझा भाऊ टेबलाच्या टोकाला बसून रस्सा भुरकत होता. एलेरी पातेलं घेऊन एकेकाला वाढत टेबलाभोवती फिरली आणि शेवटी थांबली.

"माझा कुठाय?" तिनं विचारलं.

कुणीतरी म्हणालं, "घरी आला की तो. पुढे आला असेल."

"इथं नाही आला."

गेथिन तोंडातला घास गिळून म्हणाला, "असं कसं? मेंढवाड्यात मला ओ दिली त्यानं. मी स्वतः ऐकली."

माझ्या भावाचा चमचा वाटीत पडला. त्याचा चेहरा असा झाला की आजही डोळे मिटले की समोर येतो.

"ती ओ माझी होती," तो म्हणाला.

बाकं उलटली. माणसं कंदील, दोर, घोंगड्या, जे हाताला लागलं ते घेऊन धावली. काळ्या कड्याखाली सापडला तो. नेल भुंकत होती म्हणून सापडला. मगाशी मेंढवाड्यात इतकी कुत्री भुंकत होती की तिचं एकटीचं कुणाला ऐकू येणार? पाय मोडला होता, बाकी मोठं काही नाही. डॉक्टर म्हणाला, पडल्यानं मेला नाही, गारठ्यानं मेला. भिजलेला, हलता येत नाही, आणि वरून पाऊस. वेळेत उचललं असतं तर वाचला असता. हे त्यानं कशाला सांगितलं कोण जाणे! काही गोष्टी डॉक्टरांनी पोटात ठेवाव्यात. नेल त्याच्या छातीवर आडवी पडून होती. तिला बाजूला केलं तर तेवढीच जागा अजून ऊबदार होती.

त्या दिवसापासून माझा भाऊ मेर्विन या हाकेला ओ देईना. रागानं नव्हे, हट्टानंही नव्हे. हाक ऐकली की ओठ घट्ट मिटायचा आणि जागचा हलायचा नाही. जेवण गार होऊन जायचं. शेजारी त्याला हावोद म्हणायला लागले, आमच्या घराच्या नावानं. मी काय म्हणू? मी त्याची थोरली बहीण. शेवटी "अरे ए" वर आले. म्हाताऱ्या भावाला गुराला हाकलावं तसं "अरे ए"! माझंच मला वाईट वाटायचं.

कुणी त्याला दोष दिला नाही हो. गेथिन तर येऊन त्याच्या पायाशी बसून रडला. "चूक माझी, मी बघायला हवं होतं," म्हणाला. भावानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "धाकट्या मेर्विनला त्याच्याच माणसांनी मारलं, गेथिन. उगाच वाद घालतात लोक."

उन्हाळा लागता लागता एलेरी बाळंत झाली. मुलगा. गोरापान, मोठ्या आवाजाचा. मी त्याला शालीत गुंडाळून खिडकीशी नेलं.

"नाव काय ठेवायचं?" मी विचारलं, जसं मला माहीतच नव्हतं.

"मेर्विन," एलेरी म्हणाली.

खुर्चीतून भाऊ उठला. "नाही."

"का नाही, बाबा?"

"रोद्री ठेव. पाळी रोद्रीचीच आहे."

"तुमच्या बापाचं नाव? जे तुम्ही तोंडातून काढत नव्हता?"

"चालेल. तोंड भाजलं तरी चालेल. ते नाही ठेवायचं."

एलेरीनं पोराला माझ्याकडून घेतलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाळंतपणाला आठवडाही झाला नव्हता, पण ती काही वाकणारी नव्हती. "माझ्या नवऱ्याचं नाव आहे ते. त्याच्या अंगावरचा कोट मी दिला, बूट दिले, सगळं दिलं. नाव नाही देणार मातीला."

"एलेरी, तुला समजत नाही गं." भाऊ म्हणाला. "कुणी ते नाव घेतलं की माझ्या तोंडातून ओ निघते. मी आता दाबतो. पण किती दिवस? म्हातारा होत चाललोय. एक दिवस विसरेन, धुकं असेल, कुणी याला हाक मारेल आणि मी..." त्यानं हातानं स्वतःचं तोंड झाकलं, लहान पोरासारखं.

एलेरी रडली. मीही रडले. पण तिनं नाव बदललं नाही. "मग तुम्ही शिका," ती म्हणाली. "त्याच्यासाठी शिका."

आमच्या चॅपेलमध्ये बारशाला नाव बापानं सांगायचं असतं. पाद्री बाळ हातात घेतो, विचारतो आणि बाप सगळ्यांसमोर मोठ्यानं नाव घेतो. बाप नसेल तर आजोबा. भाऊ म्हणाला, मी येणार नाही. मी म्हटलं, "नको येऊस. मी सांगते नाव. म्हातारीनं नाव सांगितलेलं आमच्या चॅपेलमध्ये पहिलंच असेल, लोकांना तेवढाच विषय." तरी त्या रविवारी सकाळी बघते तर काळा कोट घालून दाराशी तयार. दाढी करताना हनुवटी कापून घेतलेली.

बाकं भरलेली. सगळं खोरं आलं होतं, कुणीही न सांगता. पाद्री तुदुर, तरुण माणूस. त्यालाही सगळं माहीत होतं. त्यानं पोराला हातात घेतलं आणि हळूच विचारलं, "बाळाचं नाव?"

भाऊ उभा राहिला. कुणीतरी खोकलं. गेथिन बुटांकडे बघत बसला होता. मी तोंड उघडणार एवढ्यात तो म्हणाला, "मेर्विन." आणि मग पाद्रीकडे न बघता, आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला, "माझं होतं. त्याला दिलं. आता या खोऱ्यात मेर्विन एकच. मला त्या नावानं कुणी हाक मारू नका. विनंती आहे माझी."

पाद्रीनं पाण्यात बोटं बुडवली. पोरानं चॅपेल डोक्यावर घेतलं.

खोऱ्यानं त्याची विनंती पाळली. पोस्टमनपासून दुकानदारापर्यंत सगळे त्याला हावोद म्हणायचे, आणि पोर आजोबा म्हणायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या पोराच्या नाकावर तांबूस ठिपके उमटले. मी भावाला म्हटलं, "बघ, आला तुझा राजा." पूर्वी असता तर तासभर पुराण सांगितलं असतं. आता नुसतं त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि बाहेर निघून गेला. राजांच्या गोष्टी पोराला मीच सांगितल्या, तोडक्यामोडक्या. त्यातल्या धाकट्या मेर्विनचा शेवट मी परक्यांवर ढकलला. विद्वानांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

एक मात्र बघितलं मी. अंगणातून एलेरी "मेर्विन!" म्हणून हाक मारायची, आणि भाऊ जिथं असेल तिथं हातातलं काम थांबवून उभा राहायचा. पोराची ओ येईपर्यंत श्वास घ्यायचा नाही. मग पुन्हा कामाला. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही.

डोंगर आता एलेरीच बघते. पोरगा चढणीला तयार झाला, त्या वर्षी त्यानं हट्ट धरला, मेंढ्या उतरवायच्या दिवशी मीही येणार. एलेरीनं त्याच्या कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "जा. पण मी डाव्या सोंडेवर असेन, तू गेथिनच्या पोरांबरोबर राहायचं." भाऊ बूट घालायला लागला. गुडघ्याची पार लाकडी खुंटी झालेली, काठीशिवाय उठता येत नव्हतं. मी चुलीवरचं सगळं शेजारणीच्या गळ्यात घातलं आणि त्याला धरून पाऊलवाटेनं मेंढवाड्यापर्यंत नेलं. या वेळी गेथिनच्या शेजारीच, त्याला दिसेल असं बसवलं भिंतीवर.

आणि धुकं आलं. येणारच ना मेलं!

मेंढ्या येत राहिल्या, वाडा भरत गेला. गेथिन म्हातारा झालाय, पण आवाज तोच. हाका सुरू झाल्या. ओ येत गेल्या. "एलेरी!" "ओ!" ती धुक्यातून बाहेर आली, केसांतून पाणी गळतंय, आणि आमच्याकडे बघून थबकली. "तुमच्या बाजूनं नाही उतरला?"

गेथिननं माझ्या भावाकडे बघितलं. मग डोंगराकडे तोंड करून हाक मारली, "मेर्विन!"

काही नाही. मेंढ्यांचं ओरडणं, कुत्री.

भावाचा हात मी धरला होता, तो त्यानं सोडवून घेतला आणि स्वतःच्या तोंडावर दाबला. दुसऱ्या हातानं पहिला हात घट्ट धरला. डोळे मिटलेले.

"मेर्विन!"

कुणी हललं नाही. कुणी दाराला हात लावला नाही. ज्यांच्या ओ येऊन गेल्या होत्या ती माणसं तशीच पावसात उभी, डोंगराकडे बघत. गेथिनची दोन्ही पोरं न सांगता पुन्हा वर चढायला वळली होती. एलेरीचे ओठ पांढरे पडलेले. माझ्या तोंडात देवाचं नाव होतं की शिवी, मला आठवत नाही.

"मेर्विन!" गेथिन तिसऱ्यांदा ओरडला.

वरून, अगदी बारीक, आणि चांगलाच वैतागलेला आवाज आला. "ओ! ओरडताय काय एवढं? मेंढी चिखलात रुतली होती! आणतोय!"

एलेरी त्या आवाजाच्या दिशेनं धावत सुटली. माणसं हसायला लागली, डोळे पुसायला लागली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. गेथिन दाराला टेकून उभा राहिला, दार लावायचं भान नव्हतं त्याला.

मी भावाचा हात त्याच्या तोंडावरून काढला. तळव्यात दात रुतले होते, रक्त आलं होतं. मी पदरासारखा ॲप्रन पुढे केला आणि पुसायला लागले. "झालं रे," म्हटलं, "आला तो. झालं."

तो त्या दाराकडे बघत होता.

"एवढंच करायचं होतं गं, डिलिस," तो म्हणाला. "त्या दिवशी. नुसतं गप्प बसायचं होतं."